स्वयंपाकाचा आणि प्लेटिंगचा चमचा कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकाच्या आणि प्लेटिंगच्या, म्हणजे ताटलीवर पदार्थ मांडायच्या, चमच्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी आणले आहेत. आधी शब्द ठरवून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. चमच्याचा खोलगट भाग म्हणजे वाटी, वाटीची किनार म्हणजे कड, पुढचा निमुळता भाग म्हणजे टोक. हातात येतो तो दांडा आणि दांडा वाटीला मिळतो ती मान. चमचा घेताना सगळ्यांची नजर दांड्यावर जाते. माझी तक्रार एवढीच आहे की काम सगळं कड करते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

१. घरात ड्रॉवरभर चमचे आहेत. स्वयंपाकासाठी वेगळा कशाला?

कदाचित नकोही असेल. आधी तो ड्रॉवर उपसून पाहा. जेवणाचा चमचा तोंडात जाण्यासाठी घडवलेला असतो, त्यामुळे त्याची कड गोलसर ठेवतात, ओठाला टोचू नये म्हणून. तीच गोलसर कड पॅनच्या तळाशी चिकटलेला सॉस उचलायला गेली की त्याच्यावरून घसरते. शिवाय वाटी लहान, म्हणजे दोन खेपांचं काम पाच खेपांना जातं.

पण जुन्या, विजोड झालेल्या चमच्यांत एखादा बरोबर सापडतो. मी कित्येक वर्षं वापरलेला चमचा असाच होता. सेटमधले बाकीचे हरवले, हा एकटा उरला आणि घासून घासून त्याची कड पातळ झाली. प्रश्न ५ मधली परीक्षा ड्रॉवरमधल्या प्रत्येक चमच्याला लावा. एखादा पास झाला तर खरेदीचा विषय तिथेच संपला.

२. ‘शेफचा चमचा’ म्हणून जो विकतात त्यात वेगळं काय असतं?

या प्रकाराला नाव मिळालं ते ग्रे कुन्झ यांच्यामुळे. सिंगापूरमध्ये जन्मलेले हे स्विस शेफ (१९५५–२०२०) न्यूयॉर्कच्या ‘लेस्पिनास’ रेस्टॉरंटमुळे नावाजले गेले. आपल्या हाताला हवा तसा चमचा त्यांनी स्वतः आखला. लांबी ९ इंच, वाटीत अडीच टेबलस्पून मावतील एवढी जागा, दांडा वाटीच्या मानाने आखूड आणि कड पातळ. आज वेगवेगळ्या नावांनी मिळणारे बरेचसे ‘सॉस स्पून’ याच बेतावर काढलेले असतात.

जेवणाच्या चमच्यापेक्षा त्याची वाटी मोठी असते आणि वाढायच्या डावापेक्षा दांडा आखूड. डाव हा भांड्यातून पानात वाढण्यासाठी असतो, त्याला लांबी लागते. शेफच्या चमच्याला मनगटाजवळ राहावं लागतं, कारण तो ढवळतो, उलटतो, पॅनमधली चरबी माशावर ओततो, चव दाखवतो आणि शेवटी ताटलीवर सॉसही मांडतो. एकाच हातात एकच अवजार ठेवून एवढी कामं उरकायची, यासाठीच त्याचा घाट तसा आहे.

तोच ब्रँड हवा, असं मात्र अजिबात नाही. घाट कळला की नावाची गरज उरत नाही.

३. वाटी किती मोठी असावी?

एकच चमचा घेणार असाल तर ३० ते ४० मिलिलिटर. कुन्झ यांचा चमचा सुमारे ३७ मिलिलिटरचा भरतो. यापेक्षा लहान वाटीने पॅनमधलं लोणी उचलताना दमायला होतं. मोठ्या वाटीने ताटलीवर सॉस घालताना थेंबाऐवजी तळंच साचतं.

खोक्यावर आकडा नसेल तर घरी मोजा. वजनकाट्यावर रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि चमचा काठोकाठ पाण्याने भरून त्यात ओता. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. दोन-तीनदा करून सरासरी धरा, पहिल्या खेपेला हात हलतोच.

खोली हा वेगळा मुद्दा. तेवढंच पाणी मावणारी वाटी उथळ आणि रुंद असू शकते किंवा खोल आणि अरुंद. पॅनसाठी पहिली बरी, क्वेनेलसाठी, म्हणजे आइस्क्रीमच्या वगैरे लांबट गोळ्यासाठी, दुसरी (प्रश्न १५).

४. लांबी किती घ्यावी? माझा चमचा दर वेळी पातेल्यात घसरून पडतो.

घसरतो कारण तो त्या पातेल्यासाठी आखूड आहे. पातेल्यात उभा-तिरपा टेकवल्यावर दांड्याचा निदान तिसरा हिस्सा काठाबाहेर राहायला हवा. खोल भांड्यासाठी १२ इंचांच्या पुढचा चमचा किंवा पळी लागते, त्याला पर्याय नाही. पसरट पॅनवर आणि ताटलीवर ८ ते ९ इंच पुरतात. तिथे लांब दांडा घेतलात तर कोपर हवेत उचलून काम करावं लागतं आणि सॉसची रेघ थरथरते.

एकाच लांबीत दोन्ही भागवायचं म्हणून ११ इंची चमचा घेणारे बरेच भेटतात. तो पातेल्यातही पडतो आणि ताटलीवरही अवघडतो.

५. कड पातळ हवी म्हणता, पण किती पातळ? आणि ते ओळखायचं कसं?

आकडा सांगून उपयोग नाही, कारण घरी तो कोणी मोजणार नाही. हाताने ओळखता येतं.

अंगठ्याचं नख वाटीच्या आतून बाहेर, कडेवरून ओढा. नख एखाद्या पायरीवरून उतरल्यासारखं ठेचकाळलं तर कड जाड आहे. अलगद निसटलं तर पातळ. नख खरवडलं गेलं तर मात्र कड नीट घासलेली नाही. असा चमचा चव घेताना ओठ कापेल, तो परत करा.

दुसरी परीक्षा घरातली आणि मला जास्त भरवशाची वाटते. सपाट ताटलीत चमचाभर पाणी सांडा आणि त्याच चमच्याने, ताटली न कलवता, ते परत उचलायचा प्रयत्न करा. जाड कडेचा चमचा पाणी पुढे ढकलत नेतो. पाणी कडेपाशी फुगतं, बाजूने वळसा घालून मागे येतं आणि वाटीत जेमतेम निम्मं चढतं. पातळ कड पाण्याखाली शिरते. दोन-तीन खेपांत ताटलीवर नुसती ओल उरते. पॅनमध्ये आटून आलेला चार चमचे सॉस याच पाण्यासारखा वागणार आहे, म्हणून ही परीक्षा.

कड पातळ असण्यामागे घडणावळ असते. चांगल्या चमच्यात पत्रा आधी रुळाखाली लाटून वाटीच्या भागात पातळ करतात आणि मानेपाशी जाड ठेवतात, मग साच्यात दाबतात. स्वस्त चमचा एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून थेट दाबलेला असतो. त्याची कड जाड राहते आणि मान मात्र जेवढी हवी तेवढी जाड नसते, म्हणून घट्ट पदार्थात तो वाकतो. एकाच कारणाने दोन्ही दोष येतात.

६. ऑनलाइन घेतोय, हातात धरता येत नाही. फोटोत काय पाहू?

बाजूने काढलेला फोटो. तो नसेल तर मी तरी घेत नाही. समोरून सगळे चमचे देखणे दिसतात. बाजूने पाहिलं की वाटी किती खोल आहे, मान किती जाड आहे आणि दांडा कुठे वळला आहे हे कळतं. दांडा मानेनंतर थोडा वर उचललेला असावा, म्हणजे वाटी ताटलीवर सपाट टेकली तरी बोटं ताटलीला लागत नाहीत.

त्याखेरीज दांडा आणि वाटी एकसंध आहेत ना ते पाहा. जोडकाम असेल तर डाग दिलेल्या जागी किंवा रिव्हेटभोवती अन्न अडकतं. पोकळ दांडा तर नकोच. त्यात एकदा पाणी शिरलं की ते आतच कुजत राहतं आणि चमचा हलवला की आतून आवाज येतो. माझ्याकडे असा एक होता. तो आवाज कसला ते कळायला मला दोन महिने लागले.

७. १८/०, १८/८, १८/१० हे आकडे काय सांगतात?

पहिला आकडा क्रोमियमची टक्केवारी, दुसरा निकेलची. क्रोमियममुळे पोलादावर अदृश्य थर धरतो आणि गंज दूर राहतो. निकेलमुळे गंजाला आणखी आळा बसतो आणि चकाकी टिकते. स्वयंपाकाच्या चमच्याला १८/८ पुष्कळ झालं. १८/१० घेतलं तर वापरात फरक जाणवेलच असं नाही, जास्तीचे पैसे त्यापायी मोजू नका.

१८/० मध्ये निकेल जवळपास नसतं. मीठ आणि आंबट यांच्यापुढे ते लवकर हार मानतं (प्रश्न १९). पण ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांनी हाच प्रकार विचारात घ्यावा.

८. १८/८ लिहिलेल्या चमच्याला चुंबक चिकटला. फसवणूक झाली का?

लगेच भांडायला जाऊ नका. १८/८ पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही, हे खरं. पण थंड अवस्थेत लाटताना आणि दाबताना त्याची आतली रचना काही ठिकाणी बदलते आणि तिथे ते किंचित चुंबकीय होतं. त्यामुळे कडेशी आणि मानेशी चुंबक हलकासा ओढला जाणं चालतं. संपूर्ण चमचा, दांड्यासकट, चुंबकाने खाडकन उचलला तर मात्र तो १८/० असण्याची शक्यता दाट आहे.

९. अख्खा स्टीलचा चमचा हाताला भाजणार नाही का?

हातात धरून वापरलात तर सहसा नाही. पॅनमध्ये ठेवून दिलात तर नक्की. स्टेनलेस स्टील उष्णता फार सावकाश वाहून नेतं. तांबं त्याच्या वीस पटींहून जास्त वेगाने नेतं. त्यामुळे वाटी गरम सॉसमध्ये असली तरी दांड्याच्या टोकापर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. भाजण्याची खरी कारणं दोन: पॅनच्या काठावर टेकवून ठेवलेला चमचा आणि गॅसची बाजूने वर येणारी ज्योत.

लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ बसवलेला चमचा यावर उपाय वाटतो, पण मूठ जिथे बसवली तिथे फट पडते. त्यापेक्षा ओट्यावर एक बशी ठेवा आणि चमचा दर वेळी तिथे परत ठेवा. ही सवय लागायला आठवडा पुरतो.

१०. नॉनस्टिक पॅनवर स्टीलचा चमचा चालतो, असं काही पॅनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. चालवू का?

चालवू नका. पातळ कड हा आपण निवडलेला गुणच इथे अवगुण ठरतो. लेप किती कणखर आहे हे खोक्यावर लिहून ठरत नाही आणि घाईत कोणी कड हलक्या हाताने फिरवत नाही. नॉनस्टिकवर लाकूड किंवा सिलिकॉन.

बीडाच्या आणि स्टीलच्या पॅनवर स्टीलचा चमचा बिनधास्त वापरा. बीडावर साचलेला तेलाचा काळा थर चमच्याने सुटतोय असं वाटलं, तर तो थर आधीच नीट धरलेला नव्हता.

११. लाकडी चमचा घ्यायचा तर कोणतं लाकूड?

बीच, मेपल, ऑलिव्ह. ज्याचे धागे दाट आणि बारीक ते. चमचा उजेडात धरून वाटीच्या आतल्या बाजूला पाहा. सुईच्या टोकाएवढी उघडी छिद्रं दिसली तर ते लाकूड पाणी आणि वास दोन्ही पीत राहणार. बांबूचे चमचे हलके आणि स्वस्त असतात, पण बरेचदा पट्ट्या चिकटवून केलेले. तसा असेल तर सांधा उकलू शकतो.

लाकडाचा आकार गोल वाटीचा असण्यापेक्षा सपाट, तिरप्या टोकाचा असलेला चांगला. पातेल्याचा तळ आणि भिंत मिळते त्या खोबणीत गोल चमचा पोचत नाही, आणि करपायला सुरुवात तिथूनच होते.

निगा फार नाही. लगेच धुवा, उभा वाळवा, डिशवॉशरमध्ये घालू नका, रात्रभर भिजत टाकू नका. कोरडा दिसायला लागला की खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल चोळा. नेहमीचं खाण्याचं तेल लावू नका, ते खवट होतं आणि तो वास पुढच्या खिरीत उतरतो. लाकूड तडकलं, तर ते जळणाचं झालं.

१२. नायलॉन आणि सिलिकॉन यांत फरक काय? दिसायला तर सारखेच.

उष्णतेपुढे त्यांची वागणूक वेगळी. सिलिकॉन बहुतेक उत्पादकांच्या हमीप्रमाणे २२० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, नेमका आकडा चमच्यावर किंवा खोक्यावर शोधा. नायलॉन त्याआधीच मऊ पडतं. तापलेल्या पॅनच्या काठावर विसरलेल्या नायलॉनच्या चमच्याला कायमची खाच पडते, ती तुम्ही पाहिली असेल.

वितळण्याच्या पुष्कळ आधी दुसरी गोष्ट सुरू होते. जर्मनीच्या ‘बीएफआर’ या अन्न-जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की पॉलिअमाइडच्या, म्हणजे नायलॉनच्या, भांड्याकुंड्यांतून काही घटक गरम अन्नात उतरू शकतात, म्हणून ७० अंशांच्या वर त्यांचा अन्नाशी संपर्क शक्य तितका थोडा ठेवावा. उकळत्या पदार्थाचा विचार केला तर हा आकडा फारच खाली आहे. पातेल्यात तास-तासभर पडून राहणारा चमचा नायलॉनचा नसावा, एवढं त्यातून नक्की घ्या.

सिलिकॉनचा दोष वेगळा: कड जाड आणि लवचीक. वाडगं निपटून काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, ताटलीवर सॉस मांडायला त्याच्याइतकं निरुपयोगीही दुसरं काही नाही.

१३. काळ्या प्लास्टिकचे चमचे विषारी असतात म्हणे. सगळे फेकून देऊ का?

हा प्रश्न २०२४ च्या शेवटी अचानक वाढला. ‘केमोस्फिअर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काळं प्लास्टिक पुन्हा वापरात येताना त्यातली आग रोखणारी रसायनं स्वयंपाकाच्या वस्तूंतही सापडली, असं त्यात होतं. बातम्यांनी तो उचलून धरला आणि मग त्यात गुणाकाराची चूक निघाली. ६० किलो वजनाच्या माणसासाठी एका रसायनाची मर्यादा दिवसाला ४,२०,००० नॅनोग्रॅम यायला हवी होती, तिथे ४२,००० धरली गेली. म्हणजे रोज शरीरात जाणाऱ्या रसायनाचा अंदाजे ३४,७०० नॅनोग्रॅमचा जो आकडा मर्यादेला टेकलेला वाटत होता, तो तिच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी होता. दुरुस्ती छापली गेली.

शून्य चुकलं म्हणून मूळ निरीक्षण खोटं ठरत नाही, ही रसायनं तिथे असायलाच नकोत. माझं मत: घाबरून कचरापेटी भरू नका, पण कड वितळलेला, पांढुरका पडलेला किंवा खरवडला गेलेला काळा चमचा काढून टाका आणि त्याच्या जागी दुसरा काळा आणू नका. प्रश्न १२ मधलं ७० अंशांचं कारणही त्याला लागू आहेच.

१४. पॅनमधलं लोणी पदार्थावर ओतत भाजतात, ते मला जमत नाही. चमचा चुकीचा आहे की मी?

बहुधा दोघंही थोडे थोडे. नीट पाहू. पॅन आपल्याकडे कलवायचा, म्हणजे फेसाळलेलं लोणी खालच्या काठाशी जमतं. चमचा त्या तळ्यात कडेवर आडवा शिरतो, भरतो, आणि मनगट वळलं की लोणी माशाच्या वरच्या अंगावर पडतं. ते घरंगळत पुन्हा खाली येतं. हे सेकंदाला एकदा, न थांबता.

जेवणाच्या चमच्याने करायला गेलात तर तो पुरेसं उचलत नाही, म्हणून तुम्ही वेग वाढवता आणि लोणी ओट्यावर उडतं. खोल पळीने केलंत तर ती जड होते आणि पूर्ण रिकामी होत नाही. उरलेलं लोणी तिच्यातच निवतं. उथळ, रुंद, ३०-४० मिलिलिटरची वाटी आणि आखूड दांडा इथेच कामी येतात.

तुमची चूक बहुधा ही असेल: चमचा वरून खाली बुडवता. तो बाजूने सरकवा.

१५. क्वेनेलसाठी वेगळा चमचा लागतो का?

लागतो. आइस्क्रीम किंवा फेटलेल्या क्रीमचा तो लांबट, गुळगुळीत गोळा वाटीच्या आकाराचाच बनतो, म्हणून अंडाकृती, खोल आणि दोन्ही बाजू सारख्या उतरणाऱ्या वाटीचा चमचा हवा. प्रश्न २ मधला रुंद चमचा इथे चालत नाही, त्याने गोळा चपटा होतो.

चमचा गरम पाण्यात बुडवा, झटकून कोरडा करा. थेंब राहिला तर गोळ्यावर बर्फाची किंवा पाण्याची खूण पडते. कड मिश्रणात तिरपी रोवून स्वतःकडे लांब ओढा. मिश्रण वाटीत शिरताना आपोआप स्वतःवर गुंडाळत येतं. ओढ संपली की वाटीची पाठ क्षणभर तळहातावर घासा आणि चमचा ताटलीवर कलता करा, गोळा सुटतो. तळहाताची ऊब पुरते.

तीन पैलूंचा गोळा हवा असेल तर दोन सारखे चमचे घेऊन मिश्रण एकातून दुसऱ्यात फिरवतात. ते सोपं आहे, पण एका चमच्याच्या गोळ्याची चकाकी त्याला येत नाही. आणि मिश्रणच सैल असेल तर कुठलाही चमचा वाचवणार नाही.

१६. ताटलीवर सॉसचा फटकारा ओढते तेव्हा मधेच तुटतो. काय चुकतं?

चमचा उचलला जातो. सॉसचा गोळा ताटलीवर ठेवा, चमच्याची पाठ त्याच्या मध्यात टेकवा आणि एका दमात ओढा. दाब सुरुवातीला थोडा जास्त, पुढे कमी होत जाणारा, पण शून्य शेवटीच. टोकदार चमच्याने शेपटी निमुळती होते, गोल चमच्याने पट्टा रुंद राहतो. काय हवंय ते ठरवून चमचा निवडा.

सॉस पातळ असेल तर रेघ दोन मिनिटांत पसरते, म्हणून आधी प्रश्न १७ मधली तपासणी करा. थंडगार ताटलीवर लोण्याचा सॉस ओढताना मधेच थिजतो, तोही तुटल्यासारखा दिसतो. एक टिकली, एक थेंब, बारीक नक्षी यांसाठी मात्र चमच्याशी झटू नका, पिळायची बाटली वापरा.

१७. ‘सॉस चमच्याला धरला पाहिजे’ म्हणजे नक्की काय?

चमचा सॉसमध्ये बुडवून बाहेर काढा, पाठ वर करा आणि बोटाने मधोमध रेघ ओढा. चमचा कलवला तरी रेघेच्या वरच्या बाजूचा सॉस खाली ओघळून रेघ बुजत नसेल, तर तो धरला. अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा गोड क्रीम सॉस ८२ ते ८४ अंशांच्या आसपास या अवस्थेला येतो. थोडा पुढे गेला की अंडं फाटतं, तेव्हा रेघ टिकली की लगेच उतरवा.

यात एक खोच आहे. थंड स्टीलचा चमचा सॉसचा पातळ थर लगेच निववतो, आणि पिठाने किंवा जिलेटिनने दाट झालेला सॉस निवला की अधिक घट्ट दिसतो. लाकडाच्या खरखरीत पाठीवर तर तोच सॉस जाड थर धरतो. म्हणजे एकच सॉस दोन चमच्यांवर दोन वेगळी उत्तरं देतो. उपाय सोपा: तपासणीचा चमचा बदलू नका आणि आधी मिनिटभर सॉसमध्येच राहू द्या.

१८. पाककृतीत ‘एक चमचा’ लिहिलं असेल तर हाच स्वयंपाकाचा चमचा घ्यायचा का?

नाही. माप घ्यायचं तर मापाचाच चमचा. टीस्पून ५ मिलिलिटर, टेबलस्पून साधारण १५, आणि ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा. कुन्झ घाटाचा एक चमचा म्हणजे अडीच टेबलस्पून. बेकिंग पावडर या चमच्याने घातलीत तर केकचं काय होईल ते सांगायला नको.

हां, स्वतःच्या चमच्यात किती मावतं हे एकदा मोजून ठेवलं (प्रश्न ३) की रोजच्या रांधण्यात तो मापासारखा वापरता येतो. मी तसंच करतो. फक्त ते माप दुसऱ्याला सांगत नाही.

१९. ‘स्टेनलेस’ असून चमच्यावर तांबूस ठिपके पडले. का?

नावातच ‘लेस’ आहे, ‘कधीच नाही’ असं नाही. खारट पाण्यात किंवा मिठाच्या पदार्थात रात्रभर पडलेल्या चमच्यावर मिठातलं क्लोराइड तो संरक्षक थर (प्रश्न ७) जागोजागी फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. ते जात नाहीत. नुसते वरवरचे ठिपके मात्र बरेचदा दुसऱ्याचे असतात: लोखंडी तारेच्या घासणीचे कण, किंवा डिशवॉशरमध्ये शेजारी असलेली गंजकी वस्तू. खायच्या सोड्याची ओली लेप लावून मऊ फडक्याने घासले तर निघतात.

२०. भोकांचा चमचा आणि झारा, दोन्ही हवेत का?

एक पुरतो, पण काम पाहून. तळण बाहेर काढायचं तर पसरट झारा. उकडलेलं नाजूक काही, समजा पाण्यात सोडलेलं अंडं, उचलायचं तर खोलगट भोकांचा चमचा, कारण झाऱ्यावरून ते घरंगळतं. भोकांच्या आतल्या कडा बोटाने तपासा. कापल्यासारख्या लागल्या तर अंड्याचा पांढरा भाग तिथे फाटेल.

२१. मी डावखुरी आहे. काही वेगळं पाहू का?

वाटी दोन्ही बाजूंनी सारखी असलेला चमचा तुम्हाला आणि उजव्या हाताच्या माणसाला एकसारखाच. अडचण येते ती एकाच बाजूला ओतायची चोच असलेल्या चमच्याची आणि तिरप्या टोकाच्या लाकडी चमच्याची (प्रश्न ११). त्याचा कोपरा तुमच्यासाठी उलट्या बाजूला असतो. डावा मिळतो, किंवा दोन्हीकडे कोपरा असलेला सपाट टोकाचा घ्या.

२२. चव पाहायला तोच चमचा वापरला तर चालतं ना?

तोंडात गेलेला चमचा पातेल्यात परत जाऊ नये, घरच्यांसाठी शिजवत असलात तरी. डब्यात दहा-बारा लहान चमचे उभे ठेवा, वापरलेला दुसऱ्या डब्यात टाका. घाईत असाल तर मोठ्या चमच्याने लहान चमच्यात थोडं ओता आणि ते चाखा.

२३. कपाटात जुना चांदीचा मोठा चमचा सापडला. कड अगदी पातळ आहे. स्वयंपाकाला वापरू?

ताटलीवर वापरा, पॅनमध्ये नको. चांदी स्टीलच्या पंचवीस पटींहून अधिक वेगाने उष्णता नेते, म्हणजे प्रश्न ९ मध्ये दिलेला दिलासा इथे लागू नाही. अंड्यातल्या गंधकाने ती काळी पडते आणि मीठ तिला खातं. आणि नुसता मुलामा असेल तर कडेशी, जिथे घर्षण सर्वांत जास्त, तिथे तो आधी झिजतो. तिथे पिवळसर किंवा तांबूस धातू डोकावत असेल तर आंबट सॉसला तो चमचा लावू नका.

क्वेनेलला मात्र असा चमचा फार छान. गरम पाण्यात बुडवल्या बुडवल्या तापतो आणि आइस्क्रीममध्ये लोण्यासारखा शिरतो. वापरून झाला की लगेच धुवा, पुसा, आणि डिशवॉशरमध्ये स्टीलच्या चमच्यांच्या शेजारी ठेवू नका.